रतनबाईच्या नावाची लादी

घण वर गेला की माळावरची गर्दी गप्प व्हायची आणि खाली आला की एकदम ओरडायची. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारालासुद्धा जेवढी माणसं नसतात, तेवढी त्या दिवशी माझ्या आत्याच्या वाडीबाहेर जमली होती. बैलगाड्या, टेम्पो, भेळेची गाडी, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, सगळं काही. वैशाखातली अमावस्या, भर दुपार, आणि मधोमध दगडांवर आडव्या टाकलेल्या दोन लाद्या. दारात बसवायच्या फरशीएवढ्या, राखाडी रंगाच्या.

"बघा रं, डोळं भरून बघा!" भगव्या लुंगीतला लादीबाबा माईकवरून ओरडत होता. होय, माईकवरून. देवाचं कोर्ट होतं, पण आवाज बॅटरीवर चालत होता. "सिमिट मानसानं केलं, इभूती देवानं केली! सिमिटापुढं खोटं बोलाल, इभूतीपुढं कसं बोलाल? ज्याच्या मनात खोट, त्याच्या लादीत खोट! बोला, सत्याचा..."

"इजय असो!" हजार गळे.

गोरख नावाच्या त्याच्या चेल्यानं घण घातला. पहिल्या लादीला मधोमध तडा गेला, ती खाली वाकली, पण दोन्ही भाग एकमेकांना धरून राहिले. पुन्हा घाव, पुन्हा घाव. लादी पिचली, वाकडी झाली, पण तुटून पडायचं नाव घेईना. लोकांनी टोप्या उडवल्या. ही लादी फिर्यादीची, म्हणजे गावचे पोलीस पाटील सहादेव यांची.

दुसरी अंगदच्या नावाची. घण पडला, आणि एकाच घावात लादीचे दोन तुकडे होऊन दोन बाजूंना पडले.

अंगद ऊसतोडीवरून नुकताच परत आला होता आणि पाटलांच्या विहिरीवरची मोटर चोरल्याचा त्याच्यावर आळ होता. "मी न्हाई केलं ओ, लेकराची आन!" एवढंच तो ओरडत राहिला. चौघांनी त्याला आडवा केला, उजवा हात त्याच दगडावर धरला आणि गोरखनं त्याच घणानं त्याची बोटं ठेचली. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. एक बाई पोराला खांद्यावर उंच धरून म्हणत होती, "बघ, चोरी केली की असं हुतं." मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मी प्रज्ञा. नगरला एका तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवते, सावेडीत राहते. डोकं लवकर तापतं माझं, घरचे म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. त्या दिवशी सकाळी वाडीच्या फाट्यावरच्या एसटीडी बूथवरून आत्याच्या शेजारणीचा फोन आला होता: "पोरी, ये लवकर. आज तुझ्या आत्याची लादी फुटायचीय." मी काही न कळताच स्कूटर काढली. पोचले तेव्हा अंगदचा नंबर चालू होता. पुढचा नंबर माझ्या आत्याचा.

आत्या म्हणजे रतनबाई. माझ्या वडिलांची थोरली बहीण, विधवा, दुसऱ्याच्या बांधावर खुरपणी करून जगणारी. आणि फिर्यादी कोण? तिचा सख्खा दीर, भिमाजी. त्याचा चार वर्षांचा मुलगा नितीन उन्हाळ्याच्या तोंडाशीच जुलाबांनी गेला होता. नितीन आजारी पडला तेव्हा भिमाजी त्याला बाबाची विभूती चाटवत राहिला आणि आत्या रोज त्याच्या दारात जाऊन आरडाओरडा करत राहिली, "अरं, दवाखान्यात न्या, पोरगं हातचं जाईल!" पोरगं गेलं. मग बाबानं भिमाजीला विचारलं, "पोरगं जानार हे तिला आधीच कसं कळलं?"

झालं. त्या एका प्रश्नावर माझी आत्या चेटकीण ठरली. शहाणपणाची एक गोष्ट बोलली म्हणून.

आणि हे आमच्याच घरात! आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, देव्हारा विहिरीत टाकला, बावीस प्रतिज्ञा पोरांकडून पाठ करून घेतल्या. त्याच घरातली लेक तिच्या सख्ख्या दिरानं भगव्या लुंगीवाल्यापुढं उभी केली होती. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर आम्ही मोर्चे काढले असते. घरातल्यानं केलं म्हणून सगळे खाली मान घालून बसले होते.

बाबाचं कोर्ट कसं चालायचं ते सांगते, कारण सगळी मेख तिथंच आहे. भांडण आलं की फिर्यादी आणि आरोपी, दोघांनी आपल्या बांधावरच्या घायपाताचा वाख आणायचा. घायपात म्हणजे ते काटेरी, तलवारीच्या पात्यांचं झुडूप. त्याची पानं सडवून, ठेचून जे पांढरे चिवट धागे निघतात तो वाख. आमच्याकडं त्याचे कासरे, दावी वळतात. तो वाख बोटभर लांबीचा कापायचा. मग फिर्यादीनं हातात विभूती घ्यायची, वाख तिच्यात चोळायचा आणि शपथ घ्यायची. आरोपीनं दिव्याची शपथ घ्यायची. दिव्याची शपथ आमच्या भागात जुनी; तेलात हात बुडवून खोटं बोललं तर घराचा वंश बुडतो म्हणतात. म्हणून आरोपीनं समईतल्या तेलात हात बुडवायचा आणि त्याच हातानं आपला वाख चोळायचा. नंतर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चुना, विभूती आणि गुळाचं पाणी कालवून, त्यात ज्याचा त्याचा वाख मिसळून दोन लाद्या ओतायच्या. सिमेंटाचा कण नाही. अमावस्येपासून अमावस्येपर्यंत त्या ओल्या गोणपाटाखाली, पहाऱ्यात ठेवायच्या. मग घण.

लपवाछपवी काहीच नव्हती. हेच लोकांना पटायचं.

"भिमाजीची लादी!" बाबा ओरडला. घण पडला, लादी तडकली, पण धरून राहिली. "बापाचं काळीज हाय, बापाचं! असं तुटंल व्हय?"

"रतनबाईची लादी!"

एका घावात दोन तुकडे.

भिमाजीनं तिला केसांना धरून ओढलं. मी गर्दीतून वाट काढेपर्यंत तिच्या पाठीत, कंबरेत लाथा बसत होत्या. बायाच जास्त मारत होत्या. एकीनं पायातली चप्पल काढून तिच्या तोंडावर हाणली. आत्या ओरडतही नव्हती. दोन्ही हात डोक्यावर घेऊन ती जमिनीवर गोळा झाली होती आणि भिमाजी रडत रडत मारत होता, "माझं पोरगं दे! माझं पोरगं दे, रांडे!"

"मामा! सोडा तिला!" मी मध्ये पडले. कुणाची तरी काठी माझ्या कपाळावर बसली आणि डोळ्यांत रक्त आलं. मी कोलमडून पडले ती नेमकी आत्याच्या लादीच्या तुकड्यांवर.

आणि तिथं, त्या धुळीत, रक्त पुसता पुसता माझ्यातली मास्तरीण जागी झाली. काय करणार, सवय. तुकड्याच्या तुटलेल्या कडेतून वाखाचे धागे बाहेर आले होते. लांबच्या लांब, स्वच्छ, चकचकीत. एकही तुटलेला नव्हता. भिमाजीच्या लादीच्या तड्यात मी वाकून पाहिलं. तिथले धागे आखूड, पिंजलेले, आणि प्रत्येकाला चुना-राखेची कपची चिकटलेली. मी आत्याचा एक धागा दोन बोटांत धरून ओढला. तो सुळकन बाहेर आला. बोटं एकमेकांवर घासली. तेल.

मला अक्षरशः शिवी आली तोंडात. कारण हे मी ओळखत होते. चुना, उसाच्या चिपाडांची राख आणि वाख. साखर कारखान्याच्या बॉयलरमधली तीच राख, जिला हा विभूती म्हणत होता, तिच्या लाद्या करून मोडण्यात माझी पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षं गेली होती.

"थांबा!" मी ओरडले. "तेल आहे याला! तेलामुळं वाख सुटतो!"

"कोण ही?" बाबानं माईकवर विचारलं.

"रतनीची भाची. नगरला मास्तरीन हाय," पाटील म्हणाले.

"मग बाई, पोरांना शिकवा. देवाला नका शिकवू." गर्दी हसली. तेलाचं कुणी ऐकून घेतलं नाही. गोरख घण घेऊन पुढं आला आणि दोघांनी आत्याचा हात दगडाकडं ओढला.

समजावून सांगायची वेळ नव्हती. मी माईकच हिसकावला. "अपील!" मी म्हटलं. "आमचं अपील आहे! कोर्टात अपील असतं, मग देवाच्या कोर्टात नसतं का? का देव घाबरतो?"

हे मात्र लोकांना आवडलं. तमाशा एका दिवसात संपण्यापेक्षा दोन दिवस चालला तर कुणाला नको? "व्हय, व्हय, अपील होऊ द्या!" मागून आवाज आले. पाटलांनी मान डोलावली.

"आज पुन्हा दोन लाद्या ओता," मी म्हटलं. "वाख एकाच जुडीतला, दोघांना सारखा. फक्त एवढंच, या वेळी माझी आत्या विभूतीची शपथ घेईल आणि भिमाजीमामा दिव्याची."

बाबाचा चेहरा पडला. "आरोपीच्या हातात इभूती? नेम मोडतो बाई. पाप लागंल."

"नेम कुणाचा, महाराज? देवाला काय, दिवा आणि विभूती वेगळी असते का?"

तो काही बोलायच्या आत भिमाजीच पुढं झाला. डोळे लाल, नाक वाहतंय. "आना तो दिवा!" तो म्हणाला. "मी काय चोर हाय व्हय घाबरायला? माझं पोरगं गेलंय!" आणि त्यानं समईतल्या तेलात हात बुडवला.

बाबानं क्षणभर विचार केला. मग तो हसला आणि म्हणाला, "होऊ दे बाईच्या मनासारखं." त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, गडी घाबरला.

लाद्या ओतल्या. मी शेवटपर्यंत उभी राहिले, गोणपाट टाकेपर्यंत. मग आत्याला आणि अंगदला एका टेम्पोत घालून नगरच्या दवाखान्यात नेलं. आत्याच्या दोन बरगड्या आणि मनगट मोडलं होतं. अंगदची तीन बोटं काढून टाकावी लागली.

ठाण्यात गेले. हवालदारानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गावात कुणाची तक्रार आहे का?" अंगद पाटलांच्या भीतीनं गप्प. आत्या म्हणाली, घरातल्या माणसावर मी कागद करणार नाही. जादूटोण्याविरुद्ध कायदा तेव्हा नव्हता. बंदोबस्ताला दोन माणसं देऊ, एवढं आश्वासन घेऊन मी परत आले.

"आत्या, तू आता परत जायचं नाहीस," मी तिला सावेडीच्या घरात बजावलं. "राहा इथं. घर लहान आहे, पण आपलं आहे."

"आन् मग?"

"मग काय? जिवंत राहशील!"

"पळाले तर चेटकीनच ठरले की गं. मी इथं तुझ्या फ्लॅटात, आन् तिथं माझ्या नावानं पोरंबाळं थुंकनार. आन् फुडच्या आमुशाला दुसरी कोन तरी." ती प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून बसली होती. "तू म्हनतीस ना तेल हाय? मग दाखव की त्यास्नी. मी येते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ही बाई शाळेची पायरी चढली नव्हती आणि मी तिला लपवून ठेवायला निघाले होते.

ज्येष्ठातली अमावस्या. या वेळी गर्दी दुप्पट. अपिलाची बातमी शेवगाव-पाथर्डीपर्यंत गेली होती. कबूल केल्याप्रमाणे दोन पोलीस आले होते आणि आल्या आल्या भेळेच्या गाडीवर गेले होते. बाबानं माईक तोंडाशी धरला.

"आज देव फेरतपासनी करनार! हितं वकील न्हाई, लाच न्हाई, तारीख न्हाई! हितं फकस्त घण!"

आत्याची लादी आधी. घण पडला. तडा गेला, लादी वाकली, आणि धरून राहिली. दुसरा घाव, तिसरा घाव. राहिली. गर्दीत कुजबुज उठली. मी मुठी आवळून उभी होते.

भिमाजीची लादी. घण पडला. दोन तुकडे.

मला वाटलं होतं, आता लोक थबकतील. विचारतील, मागच्या महिन्यात बाप खरा होता, आज कसा खोटा ठरला? मी उत्तर तयार ठेवलं होतं, पिशवीत वर्तमानपत्र आणलं होतं, कुठून सुरुवात करायची तेही ठरवलं होतं. इतकी मी शहाणी!

"देव बोलला!" बाबा किंचाळला. "अरं, मागच्या टायमाला ह्यानं कपट केलं, म्हून देवानं अपील घेतलं! पोराचा मारेकरी भाईर न्हाई, घरात हाय! बापानंच पोरगं खाल्लं!"

तेव्हा मला त्याचं ते हसणं कळलं. कोण फुटतं याच्याशी त्याला काहीच देणंघेणं नव्हतं. एक लादी फुटली पाहिजे आणि एक हात दगडावर आला पाहिजे, म्हणजे पुढच्या अमावस्येला पुन्हा एवढीच गर्दी. आणि त्याला हा हात मी आणून दिला होता.

गर्दी भिमाजीवर तुटून पडली. त्याच बाया, त्याच चपला. ज्यांनी आत्याला मारलं होतं तीच माणसं आता "पोरखाऊ! पोरखाऊ!" ओरडत त्याला तुडवत होती. त्याचा सदरा फाटला, एक कान फुटून रक्त मानेवर आलं. भिमाजी मार चुकवतही नव्हता. तो नुसता तुटलेल्या लादीकडं बघत होता. मला वाटतं, त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. फरफटत त्याला दगडापाशी आणलं, त्याचा हात दगडावर दाबला.

"थांबा! ऐका माझं!" माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मी पोलिसांकडं पाहिलं. त्यांच्या हातात भेळेचे द्रोण तसेच होते. गोरखनं घण उचलला.

आणि आत्या पुढं झाली. कुणाला ढकललं नाही, ओरडली नाही. तिनं आपला प्लास्टरमधला हात भिमाजीच्या हातावर ठेवला.

"घाल," ती गोरखला म्हणाली. "माझी लादी शाबूत हाय न्हवं? म्हंजी मी खरी. मग खऱ्या मानसाच्या हातावर घाल घण."

गोरखचा घण उचललेलाच राहिला. काय करावं ते त्याच्या देवानं त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं बाबाकडं पाहिलं. बाबाही गोंधळला.

"वैनी, सरक," भिमाजी पुटपुटला. "मीच मारलं आसंल."

"गप रं," आत्या म्हणाली. "लादीला काय कळतंय? प्रज्ञे, बोल की आता!"

मी बोलले. माईक लागलाच नाही.

"पाटील, इकडं या. तुम्हीच या. आत्याच्या लादीच्या तड्यातला एक धागा ओढा."

पाटलांनी ओढला. निघेना. त्यांनी नखांत धरून झटका दिला तेव्हा धागा तुटला, पण मुळातून आला नाही.

"आता मामांच्या लादीतला."

धागा अलगद त्यांच्या हातात आला, जसाच्या तसा, बोटभर लांब. त्यांनी दुसरा ओढला, तिसरा ओढला. मागच्यांना दिसेना म्हणून लोक पुढं सरकले. मी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, तो धागा कागदात धरून दाबला आणि कागद उन्हात वर केला. भज्यांच्या पुडीवर पडतो तसा तेलाचा डाग. आत्याच्या लादीतल्या तुटलेल्या धाग्याचा तुकडा दाबला, कागद कोरडा.

"लादी फुटायचं कारण एवढंच," मी म्हटलं. "नुसता चुना-राखेचा गोळा ठिसूळ असतो, घाव बसला की फुटतोच. तो फुटल्यावर दोन तुकड्यांना धरून ठेवतो तो आतला वाख. पण वाख कधी धरील? चुना-राख त्याला घट्ट चिकटली तर. कोरड्या वाखाला ती चिकटते. राखेत चोळलेल्या वाखाला तर जास्तच, कारण तीच राख चुन्याशी मिळून दगडासारखी होते, अगदी धाग्याच्या अंगावर. आणि तेल लावलेल्या वाखाला ती चिकटतच नाही. तेलकट हातानं भिंतीला चिखल लावून बघा. वाख आत असतो, पण सुटा. घाव बसला की सुळकन निघतो. विभूतीची शपथ घेणारा कायम खरा, दिव्याची घेणारा कायम खोटा. मागच्या महिन्यात दिवा आत्याच्या हातात होता, आत्या फुटली. या महिन्यात मामांच्या हातात, मामा फुटले. पुढच्या महिन्यात या महाराजांच्या हातात द्या. नाही फुटली तर माझा हात घ्या दगडावर."

बाबा माईकवर काहीतरी बोलला. कुणी ऐकलं नाही, कारण गर्दीतून अंगद पुढं आला होता. उजव्या हाताला अजून पट्टी. मागच्या अमावस्येच्या लाद्यांचे तुकडे कडेला टाकलेले होते. त्यानं आपल्या नावाचा तुकडा शोधला, मांडीखाली दाबला आणि डाव्या हातानं एक धागा ओढला. तो निघाला. आणखी एक ओढला. तोही निघाला. मग त्यानं माझ्याकडून कागद मागून घेतला आणि डाग पडेपर्यंत दाबून धरला.

"म्हंजी माझी बोटं तेलानं गेली?" त्यानं विचारलं. "हाताला तेल लावलं म्हून?"

मी होकारार्थी मान हलवली.

बाबा जीपकडं धावला. पोचला नाही. पुढचं सगळं तुम्हाला अंदाजानं कळेल: माळा तुटल्या, लुंगी फाटली, तोंड फुटलं, आणि त्याला फरफटत त्याच दगडापाशी आणलं. कालपर्यंत त्याच्या पाया पडणारे सगळ्यात पुढं. घण आता अंगदच्या डाव्या हातात होता. खरं सांगते, माझ्या मनात आलं, होऊ दे. एकदा होऊ दे.

"अंगदा," आत्या म्हणाली, "त्याचा हात मोडला तर तुझा जुडंल का?"

अंगदनं बराच वेळ घण सोडला नाही. मग तो तिथंच खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. तेव्हा कुठं पोलिसांनी द्रोण टाकले आणि बाबाला, गोरखला गाडीत घातलं. अंगदनं त्याच दिवशी ठाण्यात जाऊन पाटलांसकट सगळ्यांची नावं सांगितली. बाबा पुढं जामिनावर सुटला आणि परागंदा झाला. कुठं तरी दुसरं दुकान मांडून बसला असेल. अशांना गिऱ्हाईक कमी पडत नाही.

माळ रिकामा होत होता. भिमाजी अजून दगडाला टेकून बसला होता, कानाला आत्याचा पदर लावून. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"प्रज्ञा," तो म्हणाला, "लादी खोटी. बाबा खोटा. वैनीनं काय केलं न्हाई. मी बी काय केलं न्हाई. मग माझं पोरगं कशानं गेलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या माळावर खोटं फार झालं होतं.

"जुलाबानं, मामा," मी म्हटलं. "जुलाबानं अंगातलं पाणी गेलं. उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालून घोट घोट पाजत दवाखान्यात नेलं असतं तर बहुतेक वाचला असता. आत्या तेच सांगत होती."

"घोडेगावात हाय की दवाखाना," तो म्हणाला. "सायकलवर जातंय मानूस." त्यानं घोडेगावच्या दिशेला पाहिलं आणि मग त्यानं कपाळ त्या दगडावर आपटलं. एकदा, दोनदा. आत्यानं आणि मी मिळून त्याला ओढून धरला. त्याला कुणी चेटकीण उरली नव्हती, कुणी वैरी उरला नव्हता, मारायला कुणीच नव्हतं.

एवढंच सांगायचंय. तुमच्या गावात कुणी असा दगड मांडला, तर घण पडायच्या आधी विचारा: याचं तेल त्याच्या हाताला लावलं तर काय होईल? विचारायला काही लागत नाही, शिक्षणसुद्धा नाही. आणि लेकरू आजारी असेल तर कुणाला काही विचारत बसू नका. त्याला उचला आणि दवाखान्यात न्या.